रिकामी दिसणारी डिस्क

तापलेल्या तंतूंना एक वास असतो. नायलॉनच्या साडीवर इस्त्री क्षणभर जास्त टेकली की येतो त्या जातीचा, पण त्याहून जुना. आधी गोडसर, मागून कडू. उधन्यातल्या माझ्या दुकानात संगणकाची पत्र्याची पेटी उघडली की आधी हा वास बाहेर येई आणि मग आतले काही दिसे. कडोदऱ्याच्या लूम कारखान्यातून आलेल्या पेटीत पंख्याभोवती तंतूंची बोटभर जाड गादी बसलेली असे. पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून आलेल्या पेटीत त्या गादीत उदबत्तीची राख मिसळलेली असे, कारण तिथे संगणकाची रोज पूजा होते आणि उदबत्ती नेमकी हवा आत घेणाऱ्या जाळीसमोर लावली जाते. घरांतून येणाऱ्या पेट्यांना फोडणीचा तेलकट वास. गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधी मी त्याचा पत्ता सांगत असे, आणि निव्वळ एवढ्यावर माझ्या हुशारीची बरीच ख्याती पसरली होती.

मी मराठी घेऊन, त्यातही जुनी कविता घेऊन, एम.ए. झाले. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा या पदवीचे काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नाही. लग्नपत्रिका टाइप करण्यापासून सुरुवात झाली आणि टाइप करता करता बंद पडणारे यंत्र उघडून पाहण्याची खोड लागली. तो इतिहास इथे लिहीत नाही. त्यात माझ्याखेरीज कोणाला रस असण्याचे कारण नाही. एवढेच सांगते, की दुकानात पाऊल टाकणारा नवा माणूस हटकून विचारी, “मेकॅनिक कुठे आहेत?” “जेवायला गेलेत,” असे मी सांगे, आणि त्याच्या देखत पेचकस घेऊन पेटीसमोर बसे. मेकॅनिक जेवून परत यायच्या आत काम झालेले असे.

आता दुकान मी अर्धाच दिवस उघडते. या कामात भेटलेल्या शेकडो दुखण्यांपैकी एकच दुखणे मला आजही कोड्यासारखे मोहवते, आणि लिहायचे आहे ते त्याच्याविषयी: भरलेली डिस्क रिकामी दिसण्याविषयी.

संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे एक लांबलचक जमीन समजा. तिच्या वाटण्या पाडलेल्या असतात. एका वाटणीत विंडोज राहते, दुसरीत आपली कामे, तिसरीत लग्नाबारशाचे फोटो. कोणती वाटणी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला केलेली असते. गावाकडच्या वाचकांना सातबाऱ्याचा उतारा म्हटले की पुरे. लिनक्स ही विंडोजसारखीच, संगणक चालवणारी दुसरी व्यवस्था. विंडोजला न हलवता तिला शेजारच्या मोकळ्या जागेत बसवता येते. मग संगणक सुरू होताना दोन नावे दाखवतो आणि विचारतो, आज कोणाकडे? कॉलेजच्या मुलांना ती अभ्यासाला लागते. काही व्यापाऱ्यांना कोणीतरी सांगितलेले असते, की लिनक्सला व्हायरस लागत नाही.

लिनक्स बसवून देणाऱ्या प्रोग्रामला इन्स्टॉलर म्हणतात. तो आधी जमीन न्याहाळतो. विंडोज दिसले तर अदबीने विचारतो, यांच्या शेजारी राहू का? पण कधीकधी त्याला विंडोज दिसतच नाही. सकाळपर्यंत ज्या डिस्कवर माणसाने काम केले, तीच पाहून तो म्हणतो, इथे काहीही नाही. सगळी पुसून मी राहायला येतो. एका डोळ्याला नांदते घर दिसते आणि दुसऱ्या डोळ्याला माळरान, आणि दोन्ही डोळे प्रामाणिक असतात. हे असे का होते, या प्रश्नापाशी मी जितका वेळ रमले तितका कोणत्याही कवितेपाशी रमले नाही, हे माझ्या प्राध्यापकांच्या कानावर न गेलेले बरे.

कारणे बरीच असतात. त्यांतले सर्वांत गमतीचे मला यार्नच्या एका व्यापाऱ्याने समजावले. म्हणजे समजावत मी होते. समजले त्याला, आणि त्याने सांगितल्यावर मला. नवा लॅपटॉप घेऊन शेठ स्वतः आले होते. मुलाने घरी लिनक्स बसवायचा प्रयत्न केला आणि इन्स्टॉलरने रिकामी तर सोडाच, डिस्क आहे हेच नाकारले.

“बेन, आ तो डिस्क ज नथी बतावतुं! कोणी नजर लावली असेल तर लिंबू बांधू?”

मी म्हणाले, “शेठ, या लॅपटॉपात डिस्क सरळ बोलत नाही. मध्ये एक यंत्रणा आहे. तिच्यामार्फत बोलते. विंडोजची तिच्याशी ओळख आहे, लिनक्सची नाही. म्हणून लिनक्सला पलीकडचा माल दिसत नाही.”

शेठांनी मांडीवर थाप मारली. “एटले वच्चे दलाल बेठो छे!”

“हो, मधला दलालच. सेटिंग बदलून त्याला बाजूला करते.”

“एकदम नाही हां, बेन. आधी जुन्या पार्टीला सांगायचं. न सांगता दलाल काढला तर जुनी पार्टी पण बसते.”

अगदी तसेच आहे. विंडोजला आधी कल्पना न देता ते सेटिंग बदलले, तर विंडोज सुरू व्हायचेच नाकारते. हे मी दोन लॅपटॉप अडकवून शिकले होते. कापडबाजारात वाढलेल्या माणसाला ते एका वाक्यात कळले.

पण सगळ्या गोष्टी अशा हसून संपत नाहीत. गायकवाड काका रेल्वेतून निवृत्त झालेले. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत त्यांची उमर गेली. दुकानाच्या पायरीवरूनच त्यांचा खणखणीत “जयभीम, ताई!” येई आणि मागून ते. निवृत्तीनंतर ते दोन बोटांनी आपली हकीकत टाइप करत होते. पावणेदोनशे पाने झाली होती. जावयाने त्यांना एक नवी कोरी डिस्क दिली. ती मी जुनीच्या शेजारी बसवली. काकांना नवीवर लिनक्स हवे होते, कारण विंडोज मधूनच बंद पडून त्यांची वाक्ये गिळत असे. इन्स्टॉलरने दोन डिस्का दाखवल्या आणि त्यांतली एक रिकामी असल्याचे सांगितले. रिकामी म्हणजे नवी, असे मी धरून चालले; नव्या डिस्कवर कंपनी कधीकधी आधीच एक वाटणी पाडून देते, हे लक्षात घेतले नाही. नावाखालचा क्रमांक ताडून पाहायला अर्धे मिनिट लागले असते. ते अर्धे मिनिट मी दिले नाही.

निळी पट्टी शेवटाला पोचली. मी जुनी डिस्क उघडायला गेले आणि तिथे काकांची पाने नव्हती. रिकामी दिसली होती ती जुनी होती. का दिसली, हे शोधण्याजोगेही आता काही उरले नव्हते.

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, “जाऊ द्या ताई. पहिल्या खेपेला मी जरा जास्तच शूर निघालो होतो. आता खरं लिहीन.”

त्यांनी लिहिलेही, वहीत, हाताने. चौथी वही सध्या माझ्याकडे वाचायला आहे आणि ती मी वाचलेल्या त्या पुसलेल्या पानांपेक्षा खरोखर चांगली आहे. मात्र रूळ उचलताना टोळी मिळून जे गाणे म्हणायची, त्याच्या मधल्या दोन ओळी त्यांना पुन्हा आठवल्या नाहीत. टोळीतले दुसरे कोणी आता हयात नाही. वहीत त्या जागी त्यांनी दोन ओळींची मोकळी जागा सोडली आहे. ती जागा वाचताना माझ्याने पुढे जाववत नाही.

त्यानंतर मी काउंटरच्या काचेखाली एक चिठ्ठी लावली: आधी प्रत, मग हात. गिऱ्हाइकाच्या सबंध डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याखेरीज मी कशालाही हात लावायचा नाही. हा नियम मी कोणासाठीही मोडला नाही. आणि मग कल्पना सोनवणे दुकानात आली.

दिवाळीची सुट्टी होती. त्या दिवसांतली सुरत ज्याने ऐकली नाही त्याला ती सांगणे कठीण. वर्षभर भिंतींतून, जमिनीतून, पाण्याच्या तांब्यातून थरथरणारा लूमचा आवाज एका संध्याकाळी थांबतो. कामगार गाड्या भरभरून गावी जातात, आणि कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे लाभपाचमेला, धंद्याचा मुहूर्त होईपर्यंत उधन्यात माणसाला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. अशा शांततेत एक रिक्षा थांबली. चाळिशीची एक बाई उतरली. साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेला सीपीयू तिने तान्ह्या मुलासारखा उराशी धरला होता. मागे मुलगी होती, मयूरी. तिच्या हातात घरून आणलेले प्लॅस्टिकचे स्टूल.

कल्पनाने सीपीयू माझ्या टेबलावर ठेवला, स्टूल टेबलाला भिडवले, त्यावर बसली आणि म्हणाली, “मी आठेच बसणार. काम व्हईपर्यंत.”

अहिराणी ऐकून मला माहेर भेटल्यासारखे झाले. मी म्हटले, “बसा ना. पण स्टूल कशाला आणलं? माझ्याकडे खुर्ची आहे.”

“खुर्चीवरतून स्क्रीन दिखत नही.”

मयूरीने कपाळाला हात लावला. “मम्मी, शरम कर ने!”

मयूरीला कॉलेजात लिनक्स होते. सुट्टीनंतर लगेच काम जमा करायचे होते, आणि घरात संगणक एकच. तो आईचा. आई घरबसल्या पंचिंग करत असे.

पंचिंग म्हणजे काय, ते सांगायला हवे. सुरतेच्या साड्यांवरची बहुतेक भरतकामे यंत्र करते. यंत्राच्या सुईने कुठून शिरायचे, कुठे वळायचे, दोरा कधी तोडायचा, हे टाक्यागणिक कोणीतरी आधी संगणकावर मांडून ठेवावे लागते. ते काम कल्पनाचे. एका वेलीत चाळीस हजार टाके असू शकतात. कारखान्यात जाते ती फक्त टाक्यांची फाइल. तिच्यात फारसा बदल करता येत नाही. जिच्यात पान मोठे करता येते, देठ वळवता येतो, ती मूळ फाइल पंचिंग करणाऱ्याच्या घरी राहते. आणि या धंद्याची रीत अशी, की मूळ फाइल एकाच ठिकाणी असावी. पेनड्राइव्हवर नाही, मोबाइलवर नाही, बहिणीकडेही नाही. दुसरी प्रत आहे असा नुसता वास आला तरी पार्टी, म्हणजे काम देणारा व्यापारी, काम देणे थांबवते. कारण डिझाईन फुटले, तर तीच वेल उद्या समोरच्या गाळ्यात कमी भावाने लटकते. कल्पनाच्या अकरा वर्षांच्या मूळ फाइली या एका डिस्कवर होत्या. लाभपाचमेला तिच्या मोठ्या पार्टीची यंत्रे सुरू व्हायची होती, आणि मुहूर्ताच्या साडीची वेल याच डिस्कवर अर्धी झालेली होती.

मी विंडोज सुरू करून पाहिले. व्यवस्थित चालत होते. मग बंद केले, लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलर उघडला. त्याने डिस्क न्याहाळली आणि सांगितले: संपूर्ण रिकामी.

मयूरीने स्क्रीन वाचली आणि तिचा हात तोंडावर गेला. कल्पनाला इंग्रजी येत नव्हते, पण तिने मुलीचा चेहरा वाचला.

“काय जयं? ताई, काय जयं?”

“काही झालेलं नाही. मी अजून काहीच केलेलं नाही. याला तुमचं सामान दिसत नाही, एवढंच.”

“मना अकरा वरीसना काम शे तठे!”

“आहे. जसंच्या तसं आहे. हे बघा.” मी पेनड्राइव्ह काढून पुन्हा विंडोज सुरू केले. तिच्या फाइली ओळीने उभ्या राहिल्या. तिने त्या एकेक मोजल्यासारख्या पाहिल्या आणि पदराने मान पुसली.

खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता. तो चेहऱ्यावर दिसू नये याची मी खबरदारी घेतली. काकांच्या डिस्कला जे झाले होते आणि जे मला शोधता आले नव्हते, ते आता अबाधित माझ्यासमोर होते. पेनड्राइव्ह पुन्हा लावून मी काही न लिहिता, नुसती वाचत, डिस्कभर फिरू लागले. लिनक्सच्याच पेनड्राइव्हवरची एक साधी आज्ञा म्हणाली, इथे तीन वाटण्या आहेत. त्याच पेनड्राइव्हवरचा इन्स्टॉलर म्हणत होता, एकही नाही. एकाच पुस्तकाचे दोन वाचक. वर्गात असे व्हायचे. एखादी निर्दोष ओळ कोणीतरी भलत्याच वृत्तात वाचायला घेई आणि ती मोडकी वाटे. अक्षरे तीच, लघु-गुरू तेच, वाचणाऱ्याने धरलेली चाल दुसरी. आमचे सर म्हणत त्याप्रमाणे, अशा वेळी ओळीकडे नव्हे, चाल कुठून आली तिकडे पाहावे.

म्हणून मी डिस्कच्या शेवटाकडे गेले.

वाटण्यांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत नोंद फक्त डिस्कच्या सुरुवातीला लिहिते. नवी पद्धत सुरुवातीला लिहिते आणि तिची एक नक्कल अगदी शेवटी ठेवते, म्हणजे सुरुवात खराब झाली तर शेवटावरून वाचता यावे. कल्पनाची डिस्क तिने घेतली तेव्हाच वापरलेली होती. आधीच्या मालकाकडे ती नव्या पद्धतीची होती. विकणाऱ्याने आधी त्या वाटण्या मोडल्या, मग सुरुवातीला जुन्या पद्धतीची नोंद लिहून विंडोज बसवले; शेवटची, आता वाटणीविना उरलेली नक्कल पुसायची राहिली. विंडोज सुरुवात वाचून सुखाने नांदत होते. इन्स्टॉलरला शेवटी नव्या पद्धतीची खूण सापडली. त्याने तिला जास्त मानाची समजून तिच्यावर विश्वास ठेवला. तिच्यात एकही वाटणी नव्हती. अकरा वर्षे एक मेलेला उतारा शेताच्या बांधावर पडून होता, आणि आलेल्या नव्या माणसाने तोच उचलून वाचला.

हे मी कल्पनाला शेतीच्या भाषेत समजावले. तिने पूर्ण ऐकून घेतले. तिच्या वडिलांची जमीन चुलत्यांच्या नावावर कशी चढली, हे तिने मला ऐकवले. मग म्हणाली, “मंग ते फाडी टाका ना!”

“फाडायचंच आहे. क्षणाचं काम आहे. पण त्यासाठी डिस्कवर लिहावं लागेल, आणि तुमची डिस्क जुनी आहे. लिहिण्याआधी मी तिची नक्कल घेणार.”

ती ताडकन उभी राहिली. स्टूल मागे पडले.

“कॉपी नही.”

“माझा नियम आहे, कल्पनाताई.”

“मना बी शे!” तिने सीपीयूवर हात ठेवला. “मांगे एक दुकानमा मी पीसी ठेई उनू. दुरुस्त करी दिधा, हसी हसी दिधा. आठ दिनमा मनी वेल बजारमा! पार्टीनी मले दारमा बी उभं करं नही. आणि देखा ताई,” तिने स्क्रीनकडे बोट केले, “आठे बी कॉपीच नडनी ना? शेवटले पडेल कॉपीनीच घोळ करा ना?”

इतक्या वर्षांत माझ्या नियमावर याहून चोख घाव कोणी घातला नव्हता. मयूरीला हसू आवरेना. मी काचेखालची चिठ्ठी पुन्हा वाचली. शहाणपणाने ठेवलेली नक्कलच सगळ्या घोटाळ्याचे मूळ होती, हे बाई बरोबर बोलत होती.

“मम्मी, सबमिशन छे मारुं,” मयूरी हळूच म्हणाली.

“तुनं सबमिशन, आणि मनं पोट!”

नक्कल न घेता मी ते करू शकले असते. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काही होत नाही. माझा हात शिवशिवतही होता. कारण सापडल्यावर उपाय करून पाहण्याची जी ओढ असते ती माणसाला फार मोठे धैर्य देते, आणि ते धैर्य दुसऱ्याच्या डिस्कवर खर्च होते. मी हात मांडीखाली घेतले आणि कल्पनाला गायकवाड काकांची गोष्ट सांगितली. अर्धे मिनिट मी का दिले नाही, तेही सांगितले. काकांची वही आणून तिच्यापुढे उघडली आणि गाण्यातली ती दोन ओळींची कोरी जागा दाखवली.

तिने त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवले, कापडावरचा सुटलेला टाका तपासतात तसे.

“हाई तुम्ही करं?”

“हो. मी केलं.”

“आणि आठे दुकानमा बठीसन सांगतस?” 

“तुम्ही विचार करावा म्हणून सांगते. नाहीतर सीपीयू घेऊन घरी जा. जसा आणलात तसाच आहे. लाभपाचमेची वेल सुखाने पूर्ण करा. मयूरीसाठी दुसरं काही बघू.”

ती पडलेले स्टूल सरळ करून पुन्हा बसली. मग अटी सांगू लागली. नक्कल घ्यायची ती नव्या, सीलबंद डिस्कवर. ती डिस्क मयूरी आणेल, सील कल्पना स्वतः तोडेल. दुकानाचे इंटरनेट बंद. काम संपल्यावर नक्कल तिच्या डोळ्यांदेखत पुसायची, आणि पुसली आहे हे दाखवायचे. मी सगळ्याला होकार दिला. इंटरनेटची वायर मी भिंतीतून उपटून तिच्या हातात दिली. तिने ती दिवसभर मांडीवर ठेवली.

डिस्कची नक्कल कंटाळवाणी असते. यंत्र पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकामे-भरलेले न पाहता, सगळे उतरवते. आकडा सरकत राहतो. दुपार झाली. कल्पनाने डबा उघडला: कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. ठेच्याच्या वासाने दुकानातला यंत्रांचा वास पार हटला. आम्ही तिघी टेबलाच्या कडेला जेवलो. तिची नजर आकड्यावर, घास चुकून नाकाला लागत होता.

“तुम्ही काय शिकेल शेत?” तिने मला विचारले.

“कविता.”

“मंग आठे कशा?”

“तुम्ही चित्रकला शिकलात का?”

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच. “मी ते सातवी नापास. नणंदनी माऊस हातमा दिधा, आणि बस.” मग मला तिने वेलीचे शास्त्र सांगितले: पान भरताना टाके एकाच दिशेने गेले तर कापड चुरगळते, म्हणून मध्येच दिशा बदलायची, बदलली हे दिसता कामा नये. मी तिला ओळीतल्या यतीबद्दल सांगितले, जिथे श्वास घ्यायचा असतो पण चाल तुटू द्यायची नसते. “तेच ना,” ती म्हणाली, आणि पुन्हा आकडा पाहू लागली.

नक्कल पूर्ण झाल्यावर मी पहिला प्रयोग नकलेवर केला. मूळ डिस्क काढून कल्पनाच्या ओटीत ठेवली. नकलेच्या शेवटचा मेलेला उतारा पुसला आणि इन्स्टॉलर उघडला. तीन वाटण्या. वर विंडोजचे नाव. शेजारी बसू का, असा तो अदबशीर प्रश्न. मयूरीने टाळी वाजवली. मी नक्कल काढली, कल्पनाच्या ओटीतून मूळ डिस्क मागून घेतली आणि तेच, त्याच क्रमाने, पुन्हा केले. क्रमांक तीनदा ताडला. एकदा मी, एकदा मयूरीने, आणि एकदा, अंक येत असल्याने, कल्पनाने.

तिसऱ्या वाटणीतली मोकळी जागा कापून लिनक्सला दिली. ऊन काउंटरवरून उतरून फरशीवर आले तेव्हा संगणक सुरू होताना दोन नावे दाखवू लागला होता. कल्पनाने विंडोजवर बोट ठेवले. तिचे पंचिंगचे सॉफ्टवेअर उघडले. तिने मुहूर्ताची वेल उघडली नाही. सर्वांत जुनी फाइल उघडली, अकरा वर्षांपूर्वीची, जराशी बोजड, देठ नको तिथे जाड. सॉफ्टवेअरमध्ये वेल टाक्याटाक्याने भरताना पाहता येते. तिने ती पहिल्या टाक्यापासून सुरू केली आणि आम्ही तिघी शेवटच्या टाक्यापर्यंत पाहत राहिलो. मग तिने मधली एक पाहिली, मग अर्धी राहिलेली. मयूरीने पुन्हा सुरू करून लिनक्स पाहिले. काही हरवले नव्हते.

उरली होती नक्कल.

ती डिस्क आज माझ्या दुकानातल्या लोखंडी कपाटात आहे, कल्पनाने स्वतः शिवलेल्या पिशवीत. पिशवीवर नाव नाही, केळीच्या पानाची एक किनार आहे. दर दिवाळीच्या सुट्टीत कल्पना येते, इंटरनेटची वायर काढून घेते, वर्षभराची नवी कामे त्या डिस्कवर उतरवते आणि पिशवीला तिच्याच पद्धतीची गाठ मारून जाते. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या तिच्याकडे असतात. मला काही हवे असले तर मलाच तिच्या घरी जावे लागते. धंद्यात हे कोणाला माहीत नाही. हे लिहिण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली आणि तिच्या सांगण्यावरून तिचे व मुलीचे नाव बदलले.

हे कसे ठरले, याची चर्चा आम्ही कधी केली नाही. त्या दिवशी मी शब्द दिल्याप्रमाणे नक्कल पुसायला घेतली होती. पुसण्याआधी यंत्र एकदा विचारते, नक्की पुसायचे ना? मी स्क्रीन तिच्याकडे वळवली, प्रश्न मराठीत वाचून दाखवला आणि होकाराच्या कळीवर बोट ठेवले. कल्पना स्टुलावरून अर्धवट उठली. तिची नजर आधी त्या प्रश्नावर होती, मग टेबलावर उघड्या राहिलेल्या काकांच्या वहीवर. तिने माझे मनगट धरले आणि म्हणाली,

“थांबा.”